इस्रायल : प्राइड मिरवणुकीला एवढी गर्दी, मग लग्न का लागत नाही?

सावनी_

इस्रायलबद्दल तीन गोष्टी नेहमी कानावर येतात. तेल अवीव म्हणजे समलिंगी माणसांसाठी त्या भागातलं सगळ्यात मोकळं शहर. तरी त्या देशात दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न लागत नाही. आणि तरीसुद्धा सरकारी दप्तरी 'विवाहित' असा शेरा असलेली समलिंगी जोडपी तिथे आहेत. हे सगळं एकाच वेळी खरं कसं?

जाणकारांनी नीट उकलून सांगावं. कायदा काय म्हणतो, प्रत्यक्ष कागद कुठे अडतो, आणि घराघरात कितपत स्वीकार आहे? धागा युद्धाच्या वादात नेऊ नये ही विनंती. तिथल्या अरब समलिंगींचं काय, हा प्रश्न मात्र विषयातलाच आहे.

---

खलाशी

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोम अशी की लग्न हा विषय तिथे नागरी कायद्यात नाहीच. ज्याचं त्याचं लग्न ज्याच्या त्याच्या धर्माच्या न्यायालयाकडे, ही उस्मानी काळातली मिल्लत पद्धत. ब्रिटिशांनी ती तशीच ठेवली आणि १९५३ च्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) न्यायालयांच्या कायद्याने ज्यूंपुरती ती पक्की झाली. त्यामुळे अडचण एकट्या समलिंगींची नाही. ज्यू आणि ख्रिश्चन जोडपं, कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यातला पुरुष आणि घटस्फोटित बाई, यांचंही लग्न देशात लागत नाही. ते तासाभराचं विमान पकडून सायप्रसला जातात, तिथल्या नगरपालिकेत लग्न करतात आणि परत येऊन नोंद करतात.

या नोंदीला आधार १९६३ च्या फंक-श्लेसिंगर निकालाचा. ख्रिश्चन बाई, ज्यू नवरा, लग्न सायप्रसला झालेलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नोंदणी कारकून हा न्यायाधीश नव्हे. परदेशी सरकारचा दाखला वरवर बरोबर दिसत असेल तर त्याने नोंद करायची, लग्न वैध की अवैध हे ठरवायचं त्याचं काम नाही. याच धाग्याला धरून पाच समलिंगी जोडपी टोरांटोला लग्न करून आली आणि २१ नोव्हेंबर २००६ ला सहा विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने त्यांची नोंद करायला लावली.

---

पानगळ

म्हणजे मान्यताच झाली की!

---

खलाशी

नाही पानगळ, इथेच बहुतेक जण फसतात. २००६ च्या निकालातच स्पष्ट लिहिलंय की ही फक्त नोंद आहे, लग्नाच्या वैधतेवर आम्ही बोलत नाही. ओळखपत्राच्या पुरवणीत 'विवाहित' लिहिलं जातं, त्यावर बँक, आयकर, पेन्शनवाले बहुतेक वेळा चालवून घेतात. पण कोणी आडवा पडला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर तो शेरा म्हणजे निर्णायक पुरावा नव्हे.

---

कंदील

सायप्रसचा रस्ता समलिंगींना बंद, कारण तिथेही समलिंगी विवाह नाही. म्हणून आधी कॅनडा, मग युरोपातले देश. २०२० पासून अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या युटा काउंटीने ऑनलाइन लग्नं लावायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं.

आधी काउंटीच्या संकेतस्थळावर परवान्याचा अर्ज, पासपोर्टने ओळख पटवणं, मग व्हिडिओवर विवाह लावणारा अधिकारी, दोन सज्ञान साक्षीदार आणि जोडपं. पुढे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर युटा राज्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, घ्यायचं, आणि वेळ ठरवून लोकसंख्या व स्थलांतर प्राधिकरणाच्या कार्यालयात नोंदीला जायचं. अपोस्टिल नसेल तर प्रमाणपत्र कितीही खरं असलं तरी खिडकीवरून परत येतं. दुसरी ठेच नावांची लागते. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे रोमन लिपीत एकाच नावाची दोन-तीन रूपं होतात. अर्जावर पासपोर्टवरचंच रूप हवं, अक्षराला अक्षर.

इस्रायलच्या गृहखात्याने २०२० मध्येच या नोंदी थांबवल्या होत्या. युक्तिवाद असा की नवराबायको इस्रायलमध्ये बसलेले, म्हणजे लग्न इस्रायलमध्येच झालं. २०२२ मध्ये लोदच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. आधार पुन्हा तोच १९६३ चा. दाखला परदेशी सरकारचा आहे ना, मग कारकुनाने नोंद करायची.

---

मृदगंध

कंदील, वाचनखूण साठवली. परदेशी लग्न न करता नुसतं एकत्र राहणाऱ्यांचं काय?

---

देवराई

त्यांच्यासाठी 'येदुइम बात्सिबूर' ही संज्ञा आहे. शब्दशः अर्थ 'लोकांत माहीत असलेले', म्हणजे चारचौघांत जोडपं म्हणून ओळखले जाणारे. ही फार जुनी, फार रुजलेली सोय आहे आणि भिन्नलिंगी जोडपीही सर्रास वापरतात. एकत्र घर, एकत्र खर्च दाखवता आला पाहिजे. दोघांच्या नावचा भाडेकरार, संयुक्त खातं, वीजबिल. शिवाय वकिलाकडून सहजीवन करार करून कुटुंब न्यायालयाकडून तो मंजूर करून घेतला तर मालमत्तेची भांडणं टळतात.

खरा घोळ वारसाहक्कात होतो. १९६५ च्या वारसा कायद्यात एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला वाटा आहे, पण शब्द आहेत 'पुरुष आणि स्त्री'. नाझरेथच्या जिल्हा न्यायालयाने २००४ मध्ये हे शब्द समलिंगी जोडीदारालाही लावले. तरी त्यावर विसंबून राहू नये, मृत्युपत्र करावं. आणि करताना कलम ३५ डोळ्यांत तेल घालून वाचावं. मृत्युपत्र करण्यात ज्याने भाग घेतला, साक्ष केली किंवा मसुदा लिहिला, त्याच्या लाभाचं कलम रद्द ठरतं. आजारी माणसाचा जोडीदार प्रेमापोटी मसुदा टाइप करून देतो, वकिलाकडे सोबत जाऊन खोलीत बसतो, मधे मधे सुचवतो. आणि मग मृताचा भाऊ नेमकं तेवढंच पकडून घर हिसकावतो. जोडीदाराने त्या खोलीच्या बाहेर थांबायचं. साक्षीदार दोन, दोघेही परके, दोघांनी एकाच वेळी समोर सही करायची. हे जमत नसेल तर पूर्ण स्वहस्ताक्षरात, तारीख आणि सही घालून लिहिलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही चालतं. त्यातलं एक वाक्यही छापील नको.

रुग्णालयासाठी वेगळा कागद. १९९६ च्या रुग्ण हक्क कायद्याखाली आपल्या वतीने उपचारांना संमती देणारा माणूस लेखी नेमता येतो. तो कागद घरच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, दवाखान्याच्या फाइलमध्ये लागलेला हवा.

---

पानगळ

कलम ३५ वाचून काळजात चर्र झालं. प्रेमाने केलेली मदतच उलटते.

---

सुमेध_

सगळं श्रेय न्यायालयांना देणं मला पटत नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम २२ मार्च १९८८ ला क्नेसेटनेच, म्हणजे तिथल्या संसदेनेच, काढलं. नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणारी १९९२ ची दुरुस्तीही संसदेचीच. फेब्रुवारी १९९३ मध्ये खासदार याएल दायान यांनी क्नेसेटच्या इमारतीत या विषयावर बैठक घेतली. तिथे प्राध्यापक उझी एव्हन यांनी उघड सांगितलं की आपण समलिंगी असल्याचं कळल्यावर लष्कराने आपली सुरक्षा-मंजुरी काढून घेतली. त्याच वर्षी लष्कराचे नियम बदलले. पुढे २००२ मध्ये हेच एव्हन पहिले उघड समलिंगी खासदार झाले.

लष्कराचा मुद्दा हलका घेऊ नका. जिथे बहुतेक ज्यू मुलं-मुली अठराव्या वर्षी गणवेश घालतात, तिथे लष्कराने 'चालेल' म्हटलं की ते प्रत्येक घराच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचतं.

---

खलाशी

सुमेध, तुम्ही दिलेल्या तारखा बरोबर, पण १९८८ च्या आधीचं पाहा. ते कलम ब्रिटिशांच्या १९३६ च्या फौजदारी संहितेतलं, कलम १५२, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. आपल्या ३७७ चं सख्खं भावंड, 'निसर्गक्रमाविरुद्ध' ही शब्दरचनाही तीच. १९५३ मध्येच महान्यायवादी हाइम कोहेन यांनी पोलिसांना सांगितलं होतं की सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांवर खटले भरू नका. म्हणजे संसदेने काढायच्या पस्तीस वर्षं आधी ते एका अधिकाऱ्याने निष्प्रभ केलं होतं.

आणि हक्क दिले कोणी? एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या विमानसेवकाच्या जोडीदाराला फुकट तिकीट, १९९४, सर्वोच्च न्यायालय. जोडीदाराच्या जैविक मुलाला दत्तक घेणं, २००५, सर्वोच्च न्यायालय. सरोगसी, तेच. डिसेंबर २०२३ मध्ये दत्तक कायद्यातले 'पुरुष आणि त्याची पत्नी' हे शब्द समलिंगी जोडप्यांनाही लागू केले, तेही न्यायालयाने. नागरी विवाहाचं विधेयक मात्र आजवर पार पडलेलं नाही, कारण सरकार टिकवायला बहुतेक वेळा धार्मिक पक्ष लागतात.

---

सुमेध_

नोव्हेंबर २०२३ विसरलात. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात बेएरी किबुत्झवर (सामूहिक वसाहतीवर) मारल्या गेलेल्या राखीव दलातल्या एका अधिकाऱ्याचं लग्न काही दिवसांवर आलं होतं, एका पुरुषाशी. त्या जोडीदाराने पाठपुरावा केला आणि मृत सैनिकांच्या कुटुंबीयांच्या कायद्यात समलिंगी जोडीदाराचा स्पष्ट समावेश करणारी दुरुस्ती क्नेसेटने महिन्याभरात केली. हे मतदानाने झालं, निकालाने नाही.

---

खलाशी

हे खरं. मान्य.

---

नवगावकर

या धाग्यावर एक गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे, ती कोणी काढली नाही म्हणून लिहितो. लग्न धर्मपीठाच्या हाती असण्याची झळ इस्रायलमध्ये ठळकपणे सोसली ती मराठी बोलणाऱ्यांनी. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं कोकणातून आणि मुंबईतून तिकडे गेली. १९६०-६२ च्या सुमारास रब्बी त्यांची लग्नं लावेनात. शंका अशी की शतकानुशतकं कोकणात वेगळे पडलेल्या या लोकांत घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का? फतवा निघाला की बेने इस्रायली वधू-वरांची आईकडची वंशावळ जमेल तितकी मागे तपासा. फक्त यांची! रेवदंडा-पेणच्या आजीच्या आईचे कागद कुठून आणायचे?

लोक गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ठिय्या मांडला, बायकामुलांसकट. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायली सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, आणि मग धर्मपीठाने त्या फतव्यातलं त्यांचं नाव काढलं.

सांगायचं एवढंच की खिडकीवरच्या माणसाने 'तुमचं लग्न लागू शकत नाही' म्हणणं, हा अनुभव फक्त समलिंगींचा नाही. दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा इथल्या मराठी घरांतल्या जुन्या पिढीला तो तोंडपाठ आहे.

---

मृदगंध

नवगावकर, हा प्रतिसाद फार मोलाचा.

---

चांदणवेल

घरच्या स्वीकाराबद्दल कोणी लिहिलेलं नाही, म्हणून थोडं. हिब्रूत या समाजाला 'लहातब' म्हणतात. लेस्बियन, होमो, ट्रान्सजेंडर, बायसेक्शुअल यांच्या हिब्रू आद्याक्षरांचा शब्द. तेल अवीवच्या गान मेइर बागेत महापालिकेचं स्वतःचं केंद्र आहे, २००८ पासून. पालकांसाठी 'तेहिला', तरुणांसाठी 'आयजीवाय', शाळांत जाऊन बोलणारी 'होशेन'. धार्मिक घरांतल्या मुलांसाठी 'हव्रुता', मुलींसाठी 'बात कोल'. शेवटच्या दोन महत्त्वाच्या, कारण तिथल्या मुलाला सर्वांत मोठी भीती वाटते ती सिनेगॉगमधली जागा जाण्याची. या संस्था त्याला श्रद्धा सोड म्हणत नाहीत.

पण तेल अवीव म्हणजे इस्रायल नव्हे. १ ऑगस्ट २००९ ला तेल अवीवमध्येच तरुणांच्या केंद्रात गोळीबार होऊन दोघं मेली. जखमींपैकी काहींच्या घरी मुलगा समलिंगी आहे हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. जेरुसलेममध्ये २००५ च्या प्राइड मिरवणुकीत एका हरेदी (कट्टर धार्मिक ज्यू) माणसाने तिघांना भोसकलं. शिक्षा भोगून २०१५ मध्ये सुटला आणि काही आठवड्यांत, ३० जुलैला, त्याच मिरवणुकीत सहा जणांना भोसकलं. शिरा बांकी ही सोळा वर्षांची मुलगी गेली. ती मैत्रिणींना साथ द्यायला आली होती. तेव्हापासून जेरुसलेमच्या मिरवणुकीचा मार्ग दोन्ही बाजूंनी कठडे लावून बंद करतात आणि आत जाताना प्रत्येकाची तपासणी होते. तेल अवीवला समुद्रकिनारी सण, जेरुसलेमला पोलिसांच्या कड्यातून चालणं. मिरवणुकीचं नाव तेच, 'मित्साद हागाव्हा'.

बीरशेबाला २०१६ मध्ये मुख्य रस्त्यावरून परवानगी न मिळाल्याने आयोजकांनी मिरवणूक रद्दच केली. मागच्या गल्लीतून अभिमान काय मिरवायचा! पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, तिथे पहिली मिरवणूक निघाली.

---

रानवारा

आणि अरब समाज? सावनी यांनी विचारलं होतं. हैफात २००३ पासून 'अस्वात' ही पॅलेस्टिनी स्त्रियांची संस्था आहे, शिवाय 'अल-कौस' आहे. 'घरी सांगून टाक, मोकळा हो' हा तेल अवीवचा मार्ग त्या जशाच्या तसा घेत नाहीत. एकाच वाड्यात तीन पिढ्या, शेजारी चुलते, तिथे एका वाक्याने घरही जातं आणि कामधंदाही. त्यामुळे त्यांचा भर अरबी शब्द घडवण्यावर आणि मदतवाहिनीवर.

कायद्याची भिंत वेगळीच. परदेशी जोडीदाराला टप्प्याटप्प्याने निवास परवाना मिळतो, समलिंगींनाही. पण जोडीदार वेस्ट बँक किंवा गाझाचा असेल तर २००३ च्या कायद्याने तो रस्ता बंद आहे. मधे २०२१ मध्ये तो कायदा संपला, २०२२ मध्ये पुन्हा केला. म्हणजे मुंबईच्या जोडीदाराला जी फाइल उघडता येते ती रामल्लाच्या जोडीदाराला येत नाही. इस्रायलच्या मोकळेपणाची जाहिरात करताना ही ओळ गाळली जाते, आणि 'गुलाबी मुलामा' हा आरोप होतो तो म्हणूनच. अर्थात, त्या आरोपामुळे बीरशेबात चालणाऱ्या मुलाची हिंमत खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी मला तितक्याच खऱ्या वाटतात.

---

कंदील

अवांतर, पण महाराष्ट्राशी थेट नातं. मायदेशात सरोगसी समलिंगी पुरुषांना बंद होती तेव्हा बरेच इस्रायली पुरुष मुंबईत येत. बाळाला पासपोर्ट हवा तर नागरिकत्व हवं, त्याला बाप इस्रायली असल्याचा जनुकीय पुरावा हवा, आणि तिथल्या कायद्याने अशी चाचणी न्यायालयाच्या आदेशाशिवाय होत नाही. २०१० मध्ये जेरुसलेमच्या कुटुंब न्यायालयाने एका बापाला तो आदेशच नाकारला. जुळी तान्ही बाळं घेऊन तो मुंबईत अडकून पडला, वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला तेव्हा सुटला. साखळीतली एक कडी निसटली की बाळ कुठल्याच देशाचं नाही.

जुलै २०१२ मध्ये भारताच्या गृह मंत्रालयाने दोन वर्षं विवाहित स्त्री-पुरुष जोडप्यांनाच सरोगसीचा व्हिसा ठेवला. मग लोक थायलंड, नेपाळकडे वळले. एप्रिल २०१५ च्या भूकंपात इस्रायलने काठमांडूहून तान्ही बाळं विमानाने नेली. खुद्द इस्रायलमध्ये जानेवारी २०२२ पासून हा रस्ता समलिंगी पुरुषांनाही खुला झाला.

---

चांदणवेल

कंदील, त्या विमानात बाळं होती, बाळंतिणी नव्हत्या. नेपाळमधल्या त्या गर्भधारक बायका बहुतांशी भारतीय होत्या, कारण नेपाळी बायकांना मनाई होती. मूल होण्याचा हक्क मला मान्य आहे. पण त्यासाठी गरीब बाईचा देह सीमा ओलांडून आणावा लागत असेल, तर तिचंही नाव या चर्चेत यायला हवं.

---

कंदील

बरोबर आहे. मी बाळांच्या कागदांबद्दल लिहिलं आणि त्यांना पोटात वाढवणाऱ्या बायका राहून गेल्या. देशातल्या देशात हा रस्ता खुला होणं त्यासाठीही चांगलं झालं. तिथे करार आधी समितीपुढे जातो आणि बाईची बाजू तपासली जाते.

---

मृदगंध

दोन बायकांच्या संसारात मूल?

---

देवराई

तिथे पुरुषांपेक्षा सोपं. आयव्हीएफचा खर्च सरकारी आरोग्य योजनेत आहे, पंचेचाळीस वर्षं वयापर्यंत, दोन मुलांपर्यंत, बाई विवाहित असो वा नसो. मात्र जिने जन्म दिला तीच आपोआप आई. दुसरीने न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश घ्यायचा, आणि तो अर्ज बाळंतपणानंतर लगेच टाकायचा. 'बघू नंतर' म्हणत राहिलेल्यांची पंचाईत दोघी वेगळ्या झाल्यावर होते, कारण तेव्हा पहिलीची साथ नसते.

घटस्फोटाचंही सांगून टाकतो. सुमेध यांनी लिहिलेल्या उझी एव्हन यांचंच प्रकरण. लग्न टोरांटोला झालेलं, मोडायचं कुठे? कॅनडात राहत नाहीत म्हणून तिथे होईना आणि रब्बी न्यायालय हे लग्नच मानत नाही. शेवटी नोव्हेंबर २०१२ मध्ये रमत गानच्या कुटुंब न्यायालयाने दिला. नागरी न्यायालयाने दिलेला तिथला हा पहिला समलिंगी घटस्फोट.

---

सावनी_

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशीलवार उत्तर अपेक्षित नव्हतं. म्हणजे तिथे 'लग्न' नावाचा एक कागद नाही, म्हणून त्याची कामं सहा-सात वेगळ्या कागदांकडून करून घ्यावी लागतात, बरोबर ना?

एक शेवटचा प्रश्न नवगावकरांना. बेने इस्रायली लग्नाआधी मलिदा करतात, त्यालाही रब्बीची परवानगी लागते का?

---

नवगावकर

पहिलं बरोबर. आणि त्यातला मृत्युपत्राचा कागद सगळ्यात आधी करायचा.

मलिद्याला कोणाचीच परवानगी लागत नाही. तो घरचा विधी. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं गाणं. लग्न, साखरपुडा, नवं घर, नवस फेडणं, कशासाठीही करतात. दिमोनात असो की ठाण्यात, ताट कोणासाठी मांडायचं हे त्या घराने ठरवायचं.